विहीणबाईंच्या आजीची नोंद

मुलीनं फोनवर लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा मी लगेच "अभिनंदन" म्हणालो. आवाज जराही हलला नाही. त्या न हललेल्या आवाजाचा मला नंतर कितीतरी दिवस अभिमान वाटत होता. मुलगा आयरिश वंशाचा, इथे मिशिगनमध्येच वाढलेला. आता दोघंही कॅरीला, नॉर्थ कॅरोलिनात, एकाच औषध कंपनीत नोकरीला. ट्रॉयमधल्या आमच्या मराठी मंडळींत ही बातमी मी स्वतःच सांगत फिरलो. कुणी चाचरत "तुम्हाला चाललं?" असं विचारलं की मी हसायचो आणि म्हणायचो, "अहो, काळ कुठला, आपण राहतो कुठे. मुलगा चांगला असला की झालं." बायको शेजारीच उभी असायची. ती स्वतः दोन दिवस रडली होती आणि तिसऱ्या दिवशी डोळे पुसून हॉलच्या चौकशीला लागली होती. मी रडलो नाही, आणि माझ्या मनातलं गेलंही नाही.

मनात काय होतं ते स्पष्ट लिहितो, कारण ते टाळून पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. आमच्या घरात लग्न ठरवण्याआधी स्थळाची चौकशी व्हायची. माणसं कोण, मूळ गाव कुठलं, घरात काही भानगड तर नाही. माझ्या बहिणीच्या वेळी वडील दोन दिवस एसटीनं हिंडून आले होते. त्या गावच्या पोस्टमास्तरपासून किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांशी बोलले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि या प्रकाराची मनसोक्त टिंगल करायचो. आता साठी उलटल्यावर, तीस-बत्तीस वर्षं अमेरिकेत काढल्यावर, मला रोज सकाळी चहा पिताना वाटायचं की आपण चौकशी केलेली नाही. कुणाच्या घरात मुलगी देतोय ते आपल्याला ठाऊक नाही.

मुलाचे वडील वारले होते. आई निवृत्त शिक्षिका. डेट्रॉइटच्या दुसऱ्या बाजूला, आमच्यापासून चाळीस मिनिटांवर, विटांच्या एका जुन्या घरात एकट्या राहायच्या. मी त्यांना मनात पहिल्या दिवसापासून विहीणबाई म्हणायला लागलो. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं तेव्हा आधी दोनदा फोन करून विचारलं होतं, अंडं चालतं का आणि चीज कुठलं चालतं. गेलो तर टेबलावर पाच पदार्थ होते आणि प्रत्येकासमोर त्यांच्या शाळेतल्या अक्षरात एकेक चिठ्ठी, आत काय काय घातलंय त्याची. माझ्या बायकोचं मन त्या चिठ्ठ्यांनीच जिंकलं.

जेवण झाल्यावर त्यांनी बुटाचं एक खोकं आणलं. आत जुने कागद होते. चर्चमधला लग्नाचा दाखला, नागरिकत्वाचा कागद, एका आयरिश वस्तीचं नाव लिहिलेला पिवळा पडलेला लिफाफा.

"माझी आजी आयर्लंडहून आली," त्या म्हणाल्या. "शाळामास्तरची मुलगी होती. आईवडील तापानं गेले म्हणून एकटी इकडे आली, एवढंच आम्हाला सांगितलंय. मुलगा म्हणतो की तुम्ही शोधण्यात हुशार आहात."

शोधणं हा माझा धंदाच होता. मी मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागात नोकरी केली. एखादा सदोष भाग गाडीत निघाला की तो कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीला, कुठल्या यंत्रावर बनला इथपर्यंत मागे मागे जायचं आणि दोष कुठे शिरला ते दाखवायचं. त्यात मला समाधान वाटायचं. त्या खोक्याकडे बघताना तसंच वाटलं. मी अगदी नम्रपणे म्हणालो, "नक्की बघतो. मलाही आवडेल."

आणि मग, न विचारता, मी आमच्या घराण्याचं सांगायला लागलो. नाशिकला आमचे तीर्थोपाध्याय आहेत, त्यांच्या वहीत आमच्या सात पिढ्यांची नावं आहेत, माझ्या खापरपणजोबांची मोडीतली सही मी स्वतः पाहिली आहे. विहीणबाई मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

मला ते माहीत नव्हतं. वहीतही नव्हतं. मी म्हणालो की आमच्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत आहे. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि ॲपल-पाय कापायला उठल्या. बायकोनं माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी खोक्यातले कागद नीट लावत होतो.

पुढचे दोन महिने मी त्या कामात बुडालो. निवृत्त माणसाला एवढं चांगलं काम क्वचित मिळतं. आयर्लंडच्या नोंदींची अवस्था विचित्र आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या यादवीत डब्लिनमधलं सरकारी दप्तर जळालं आणि शतकभराच्या जनगणना, मृत्युपत्रं, किती तरी चर्चची रजिस्टरं राख झाली. उरलं ते तुटक तुटक: कुठे एखाद्या पाद्र्यानं स्वतःजवळ ठेवलेलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर, कुठे जन्ममृत्यूच्या नोंदी, कुठे एखाद्या वर्कहाउसची वही. वर्कहाउस म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची जागा. आत गेलेल्याकडून कष्टाचं काम करून घ्यायचे आणि दोन वेळा पोटाला घालायचे. तिथे जाण्याची लोकांना इतकी लाज वाटायची की उपाशी मेलेलं बरं म्हणायचे. हे मी ट्रॉयच्या वाचनालयात बसून वाचलं. शेजारच्या टेबलावर शाळेतली मुलं गणितं करत होती, आणि मी एका परक्या बाईच्या गावचे नकाशे बघत होतो.

विहीणबाईंना मी दर आठवड्याला फोनवर प्रगती सांगायचो. वस्ती सापडली. चर्च सापडलं. मास्तर सापडत नाही. त्या वस्तीच्या शाळेत त्या आडनावाचा मास्तर कधीच नव्हता. "असं होतं," त्या म्हणायच्या, "घरातल्या गोष्टी फुगतातच." हा मास्तर खोटा आहे हे कळल्यावर मला जे वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. मला उत्साह वाटला. पहिला धागा निघाला, आता पुढे ओढायचा.

ऑक्टोबरमध्ये मला ती नोंद सापडली. जवळच्या गावातल्या वर्कहाउसची वही सुदैवानं टिकली होती आणि तिची पानं स्कॅन करून ठेवलेली होती. आजीचं नाव, वय, वस्ती, सगळं खोक्यातल्या कागदांशी जुळत होतं. धंदा, मोलकरीण. अविवाहित. आणि खालच्याच ओळीत एक मुलगी, तेच आडनाव, शेवटच्या रकान्यात 'इथेच जन्म' असा शेरा. जन्माच्या रजिस्टरात मी ती मुलगी शोधून काढली. बापाच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ होती. चार वर्षांनंतरच्या पानावर आजी वर्कहाउसमधून बाहेर पडल्याची तारीख होती. मुलीच्या नावापुढे तारीख नव्हती. त्यानंतर महिन्याभरातच अमेरिकेला निघालेल्या बोटीच्या यादीत आजी एकटी होती.

म्हणजे चार वर्षांची मुलगी तिथे ठेवून ती निघून आली होती.

मी त्या सगळ्या नोंदी एका कागदावर छापून घेतल्या. वाचनालयातून बाहेर पडून गाडीत बसलो. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटला तो सुटकेचा आनंद. वडील एसटीतून उतरून अंगणात पाय धुताना ज्या सुरात सांगायचे, "कळलं सगळं," तो सूर माझ्या डोक्यात होता. त्या दिवसानंतर मी पुढे काही शोधलं नाही. विहीणबाईंना फोनवर म्हणालो की सध्या काम अडलंय.

मुलगी थँक्सगिव्हिंगला घरी आली. जावई, म्हणजे तेव्हा होणारा जावई, त्याच्या आईकडे गेला होता. दुपारची वेळ होती. माझी मुलगी आणि बायको स्वयंपाकघराच्या टेबलावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी तो कागद आणून मुलीसमोर ठेवला.

"हे काय आहे?"

"वाच. तुला माहीत असायला हवं."

तिनं हात पुसले आणि वाचलं. मी कुठे बोट ठेवून बघायचं ते सांगत होतो. ही आजी, ही मुलगी, ही बापाच्या नावाची रेघ. आणि मग मी म्हणालो, "घराणं कसं आहे ते लक्षात घे. अजून वेळ आहे."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. मी त्याच्यावर खूप दिवस विचार केला, की मला नेमकं काय म्हणायचं होतं, दुसरा काही अर्थ निघतो का. निघत नाही.

मुलगी कागदाकडे बघत होती. "ही चार वर्षांची आहे," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. चार वर्षांची मुलगी टाकून..."

"बाबा, तू हे तिला दाखवलंस?"

"कुणाला?"

"त्याच्या मॉमला. तिची आजी आहे ना? तिनं तुला शोधायला सांगितलं होतं."

"आधी तुला दाखवावं म्हटलं."

"मला का? अजून वेळ आहे म्हणजे काय? कशाला वेळ आहे?"

माझी बायको निवडलेली मेथी पुन्हा पुन्हा चाळत होती. मुलगी चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती चिडली नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"तू तिला सांग. तूच सांगायचं," ती म्हणाली. "मी त्याला यातलं काही सांगणार नाही. तू हे मला का दाखवलंस ते तर नाहीच. आय अ‍ॅम टू एम्बॅरस्ड."

एवढं बोलून ती कोट घालून फिरायला गेली. टोपी घरीच राहिली. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. मी टोपी घेऊन दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

बायको म्हणाली, "तुमच्या बहिणीच्या वेळी मामंजी चौकशीला गेले होते, त्याची चेष्टा तुम्ही मला किती वेळा सांगितलीत." तिनं आवाज चढवला नाही. त्या दिवशीची मेथी तिनं एकटीनंच केली.

पुढच्या आठवड्यात मी विहीणबाईंकडे गेलो. एकटाच. त्यांनी कॉफी केली, माझ्यासाठी दूध वेगळं गरम केलं. मी कागद टेबलावर ठेवला आणि सावकाश सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"मास्तर नव्हताच तर," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तुम्हाला हे कधी सापडलं?"

"दोन आठवडे झाले असतील." पाच आठवडे झाले होते.

त्या रडतील किंवा मला म्हणतील की हे कुणाला सांगू नका, अशा तयारीनं मी गेलो होतो. त्या वेळी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. समजूतदार, मोठ्या मनाचं. त्यांनी मुलीच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हिचं पुढे काय झालं?"

"मला माहीत नाही."

"नोंद नाही का?"

"मी बघितलं नाही."

"का?"

याचं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. मला हवं होतं ते मिळालं होतं म्हणून मी थांबलो होतो. चार वर्षांची ती पोर त्या पानावर एकटी होती आणि तिचं पुढे काय झालं असा प्रश्न मला पाच आठवड्यांत एकदाही पडला नव्हता. कारखान्यात एखाद्या पोरगेल्या इंजिनिअरनं अर्ध्यावर तपास सोडला असता तर मी त्याला समोर उभं करून झापलं असतं.

"मला वाटलं आधी तुम्हाला विचारावं," मी म्हणालो. ही त्या दिवसातली दुसरी थाप.

"शोधा ना," त्या म्हणाल्या. "की आपण दोघं मिळून शोधूया?"

त्यानंतर दर बुधवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायला लागलो. मी रजिस्टरं उघडायचो, त्या शाईतलं अक्षर वाचायच्या. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यामुळे त्यांना कुठलंही अक्षर लागायचं. एकोणीसशे अकराची जनगणना आगीतून वाचलेली आहे. तिच्यात ती मुलगी आम्हाला दुसऱ्याच बुधवारी सापडली. वर्कहाउसनं तिला एका शेतकऱ्याच्या घरी सांभाळायला दिलं होतं. घरातल्या माणसांच्या यादीत ती सर्वांत शेवटी होती. नात्याच्या रकान्यात 'सांभाळायला घेतलेलं मूल'. वाचता येतं का, तर नाही. विहीणबाई तो शब्द वाचून खुर्चीत मागे टेकल्या. "सहा वर्षांची," त्या म्हणाल्या, "पहिलीच्या वर्गातली."

मग बरेच बुधवार काहीच मिळालं नाही. त्या नावाच्या मुली त्या जिल्ह्यात पुष्कळ होत्या. एकीचं लग्न झालेलं, एक लहानपणीच गेलेली. गेलेली सापडली त्या दिवशी आम्ही दोघंही कामाला लागलोच नाही, नुसती कॉफी प्यायलो. पुढच्या वेळी कळलं की तिच्या आईबापांची नावं वेगळी आहेत, ती आपली नव्हे. विहीणबाईंनी हुश्श केलं. मीही केलं, आणि माझं हुश्श खरं होतं. ते खरं आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला अधिकच ओशाळं वाटलं, की एवढंसं माणसासारखं वागायला मला कुणीतरी शेजारी बसायला लागलं.

फेब्रुवारीत आम्ही बोटींच्या याद्या बघत होतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या याद्यांत रकाने पुष्कळ असतात. कुठून निघालात, कुणाकडे जाताय, त्यांचा पत्ता, तिकीट कुणी काढलं. एका यादीत तेच नाव, तीच वस्ती, वय सोळा. मी रकाने ओलांडत मोठ्यानं वाचत होतो. तिकीट मावशीनं काढलं. जाणार मावशीकडे. पत्ता डेट्रॉइटचा, अमुक रस्ता, अमुक क्रमांक.

"पुन्हा वाचा," विहीणबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"हे आमचं घर आहे," त्या म्हणाल्या. "आजीचं. माझी आई तिथेच वाढली." मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. कजिन."

मला कळेना. मग त्या सांगू लागल्या. आजीच्या घरी, मागच्या जिन्याला लागून असलेल्या खोलीत, एक बाई राहायच्या. आजीची भाची, असं सगळ्यांना सांगितलेलं. घरात लहानमोठे सगळे त्यांना कजिनच म्हणायचे. त्या टेलिफोन कंपनीत नोकरी करायच्या, लग्न केलं नव्हतं, खूप सिगारेटी ओढायच्या, आणि लहानपणी विहीणबाईंना बेसबॉलच्या सामन्यांना घेऊन जायच्या. आजी आणि त्या चाळीस-एक वर्षं एका घरात राहिल्या. शेवटच्या आजारपणात आजीचं सगळं त्यांनीच केलं.

"आजी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते," विहीणबाई म्हणाल्या. "चर्चमध्ये कुटुंब पहिल्या बाकावर बसतं. कजिन चौथ्या बाकावर बसली होती. मी आईला विचारलं, ती आपल्यात का नाही, तर आई म्हणाली, तिला तिकडेच बसायचंय."

विहीणबाई त्या दिवशी खूप रडल्या. मी काय करावं ते न कळून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसलो. ज्या बाईला मी पोर टाकून पळालेली ठरवून मोकळा झालो होतो, तिनं बारा वर्षं परक्या घरांत राबून त्या पोरीला आणवलं होतं आणि जन्मभर एका छपराखाली ठेवलं होतं. लोकांना भिऊन तिला मुलगी म्हणता आलं नाही. ते लोक म्हणजे माझ्यासारखेच असणार. चौकशी करणारे.

घरी आल्यावर मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं, प्रश्नही विचारले. शेवटी म्हणाली, "मी खूश आहे तिच्यासाठी." माझ्याबद्दल ती काही म्हणाली नाही.

लग्न जूनमध्ये झालं, छान झालं. सकाळी आपल्या पद्धतीनं, दुपारी त्यांच्या. आदल्या संध्याकाळी दोन्हीकडच्या जवळच्या माणसांचं जेवण होतं, साठ-सत्तर जण असतील. विहीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. सुनेचं कौतुक केलं, माझ्या बायकोचे आभार मानले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की या गृहस्थांनी माझ्या आजीबद्दलचं सत्य शोधलं, आणि ते ऐकायला अवघड आहे हे माहीत असूनही ते टाळलं नाही, स्वतः घरी येऊन सांगितलं. त्यांच्यामुळे मला माझी मावशी मिळाली. आमच्या घराण्याचा एवढा मान याआधी कुणी ठेवला नव्हता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅरीहून आलेली मुलीची मित्रमंडळी उभी राहिली. आमच्या ट्रॉयच्या एका काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि कानाशी म्हणाले, "मानलं तुम्हाला." मला उभं राहून हात जोडावे लागले. मुलगी समोरच बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते, आणि वाजवताना ती स्वतःच्या ताटाकडे बघत होती. मी आयुष्यात पुष्कळ वेळा ओशाळलो असेन, पण तसा कधी नाही. कौतुक चालू असताना जमीन दुभंगावी असं वाटणं काय असतं ते मला त्या जेवणात कळलं.

ऑगस्टमध्ये मला ते सहन होईना आणि मी विहीणबाईंना जाऊन खरं सांगितलं. त्यांच्या व्हरांड्यात बसलो होतो. पान कधी सापडलं, आधी कुणाला दाखवलं, काय म्हणून दाखवलं. 'अजून वेळ आहे' हे वाक्यही सांगितलं.

"तुम्ही माझ्या आजीचा कागद घेऊन हे लग्न मोडायला गेला होतात," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

"हो."

"आणि मी सगळ्यांसमोर तुमचे आभार मानले."

"हो."

त्या उठल्या. बागेतला नळ थेंब थेंब गळत होता, तो जाऊन बंद करून आल्या. "हे तुम्ही मला सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही जा."

मी निघालो. मुलीला कळवलं, तेव्हा तिनंही जवळपास तेच विचारलं: "आता का सांगितलंस, बाबा? तुला बरं वाटावं म्हणून?" मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मला बरं वाटलं नाही, एवढं मात्र खरं.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला विहीणबाई आमच्याकडे आल्या नाहीत. सर्दी झाल्याचं कळवलं. दिवाळीला कार्ड आलं होतं, त्यावर माझ्या बायकोचं नाव होतं. बुधवार बंद झाले. लॅपटॉपमधली त्यांच्या घराण्याची फाइल मी उघडत नाही. ती माझी नाही हे मला आता कळतं.

मार्चमध्ये एक दिवस त्यांचा फोन आला. कजिनच्या थडग्यावरच्या दगडावर 'भाची' हा नात्याचा शब्द बदलून 'मुलगी' करून घ्यायचा होता आणि त्यासाठी दफनभूमीच्या कार्यालयाला जन्माच्या नोंदीची अधिकृत प्रत हवी होती. ती कुठून मागवायची, अर्ज कसा भरायचा, रजिस्टराचा कुठला क्रमांक लिहायचा, एवढंच त्यांनी विचारलं. मी एकेक आकडा सावकाश सांगितला, त्यांनी लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता, तो मी दुरुस्त केला. त्या "थँक यू" म्हणाल्या. मी बायकोला फोन देऊ का विचारलं, त्या "हो, द्या" म्हणाल्या. त्या दोघी पुढे अर्धा तास बोलत होत्या.